वाटीची कड

टॉवरच्या चौकातून ई-रिक्षा हलली असेल नसेल, तोच केळ्यांचा एक ठेला आडवा आला. रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला आणि तोल जाऊ नये म्हणून मी वरची दांडी धरली. उजव्या हातानं. उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही हे डॉक्टरांनी अर्ध्याच तासापूर्वी सांगितलं होतं, पण हाताला ते कुठे ठाऊक, तो आपला आधी जातो. आणि खांद्याच्या आत, जिथं बोट पोचत नाही इतक्या खोल, ते झालं. खट्. बाहेर कुणाला ऐकू येत नाही तो आवाज. कपाटाचा खण पुरता न लागता अडकावा तसं काहीतरी अडकतं, आणि मग कोपरापासून खाली हात माझा राहत नाही. बोटं दांडीवरून आपोआप सुटली. मांडीवरचं एमआरआयच्या फिल्मचं मोठं पाकीट घसरून पायाशी पडलं. शेजारच्या बाईनं ते उचलून दिलं. "दीदी, तबीयत ठीक नहीं है क्या?" "नहीं, बस झटका लगा," मी म्हटलं. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "झटका तो ठेलेवाले ने दिया बैनजी, म्हारो कई दोस." बाई हसली. मीही हसले. उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा, आणि ठेवता ठेवता मला वाटलं, हाच आवाज त्या दिवशीही झाला होता. तो मी ऐकला होता. आणि तोंड उघडलं नव्हतं.

मीरा तेव्हा आठ महिन्यांची होती. दिवाळी नुकतीच संपलेली. सकाळचं ऊन मागच्या गॅलरीत पाटाएवढं उतरायचं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या उन्हात पाय लांब करून बसायच्या, मीराला पायांवर घेऊन तेल लावायच्या. नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत त्यांच्या हाताचं नाव आहे. सुलूकाकूंचं तेल लागलं की मूल महिनाभर आधी बसतं, म्हणतात. मराठी घरांचंच नाही, समोरच्या गुप्तांची, कोपऱ्यावरच्या जैनांची जुळी, सगळी त्यांच्या पायांवरून गेलेली. तळहाताच्या फटक्याचा तो आवाज, चप्, चप्, थांबून पुन्हा चप्, मी माहेरून आले तेव्हापासून या घराचा आवाज म्हणून ओळखते. तेल झालं की त्या मीराला बगलांत धरून वर उचलायच्या आणि मी वाकून टॉवेलात घ्यायचे. रोजचं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी बघतही नव्हते. त्या दिवशी टॉवेल माझ्या खांद्यावरच राहिला. मी नुसत्या हातांत तिला घेतलं. ती हसत होती, ओल्या साबणासारखी गुळगुळीत. आईंनी हात काढले, आणि त्यानंतर, आधी नाही, त्यानंतर, खट्. माझा उजवा हात गेला. मीरा डाव्या हातातून वळली आणि पडली. हातभर उंचीवरून पडली असेल, पण खाली पाटाची कड होती. भुवईच्या वर फुटलं. ती रडायच्या आधी जो एक क्षण गेला, तिचं तोंड उघडं आणि आवाज नाही, तो क्षण अजून संपलेला नाही माझ्यासाठी. आणि त्या क्षणात आईंनी स्वतःचे दोन्ही तळहात समोर धरले, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझा हात सुटला गं. तेलकट हात. घाई केली मी."

मी काय म्हणाले? काहीच नाही. दवाखान्यात मीराला तीन टाके घातले तेव्हा मी तिचे पाय धरून उभी होते, डाव्या हातानं. वाटलं, आधी रक्त थांबू दे, मग सांगते. मग वाटलं, शैलेंद्र येऊ दे, दोघांना एकदमच सांगते. शैलेंद्र वीज मंडळाच्या ऑफिसातून धावत आला तेव्हा आईंनी त्याला जिन्यातच सगळं सांगून टाकलं होतं. तो रागावला नाही. रागावला असता तर कदाचित मी बोलले असते. तो त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आई, वय झालं आता तुझं. राहू दे ते तेल-बिल." एवढंच. इतक्या प्रेमानं म्हणाला. आणि मी बघितलं की आई त्या वाक्याखाली हळूच बसल्या, जशी एखादी बाई ओझं डोक्यावर घ्यायला खाली बसते, आणि उठल्या तेव्हा त्या म्हाताऱ्या होत्या.

रिक्षा आता पुलावर चढत होती. पाकिटावर माझं नाव हिंदीत लिहिलं होतं, देवश्री, उम्र तीस, दाहिना कंधा. डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली होती आणि माझा खांदा मला दाखवला होता. करडा, चांदण्यातल्या दगडासारखा. तो माझा आहे हे मला पटेना. मांडीचं हाड खोल वाटीत बसतं, डॉक्टर म्हणाले, तिथं चिंता नाही. पण खांद्याची वाटी म्हणजे बशी समजा. उथळ. गोळा मोठा आणि बशी लहान. म्हणून बशीच्या कडेनं देवानं एक मऊ गोल पट्टी बसवलीय, कूर्चेची. "कुकर की रबर होती है ना मैडम, बिलकुल वैसी. वो गोले को पकड़ के रखती है." माझी ती पट्टी समोरून, खालच्या बाजूनं, हाडापासून उखडली आहे. कुकरला रबर नीट नसेल तर वाफ सुटते, शिटी होत नाही. इथं रबर नसेल तर हात जरा वर आणि बाहेर गेला की गोळा पुढे सरकतो. म्हणून तो खट् आवाज, म्हणून हातातलं बळ जाणं. दोन महिने पूजाकडे, त्यांच्याच दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मुलीकडे, मी रबराचे पट्टे ओढले होते. लाल, मग हिरवा. कोपर कमरेला चिकटवून, मधे टॉवेलाची घडी धरून. "आजूबाजूचे स्नायू आता छान झालेत ताई," पूजा म्हणायची. स्नायू छान झाले, पण पट्टी हाडाला परत चिकटली नाही, आणि आता आपणहून चिकटणारही नाही. इंदूरला दुर्बिणीतून, दोन-तीन छिद्रं पाडून, हाडात छोट्या खुंट्या ठोकून ती कड पुन्हा शिवून टाकायची. पुढच्या गुरुवारनंतरचा गुरुवार. सहा आठवडे हात पट्ट्यात, पोटाशी बांधलेला. "और बच्ची को उठाना, समझिए, चार महीने भूल जाइए."

मी म्हटलं, भूल जाऊंगी. कसं म्हटलं कुणास ठाऊक.

मग ते फिल्मच्या आणखी जवळ गेले. पेनाच्या टोकानं गोळ्याच्या मागच्या बाजूला एक जागा दाखवली. तिथं हाडाला खोच पडली होती, जुन्या पितळी भांड्याला पोचा पडतो तशी. "ये कब का है?" मी म्हटलं, क्या? ते म्हणाले, "गोला पूरा बाहर आ के कटोरी की किनार पे अटकता है, तब ये गड्ढा बनता है. किनार की मार है. ये तीन महीने पुराना नहीं है, मैडम, बहुत पुराना है. पहले कभी कंधा उतरा था?" दोन महिन्यांपूर्वी त्यांनी हेच विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. आजही माझ्या तोंडात नाहीच आलं होतं. पण त्या पाटीवर तो पोचा असा उजेडात, मागून दिवा लावलेला. मी म्हटलं, हां. तेरह साल की थी. त्यांनी नुसतं लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता म्हणाले, "पहले बता देतीं तो हम पट्टे खिंचवाने में दो महीने नहीं गँवाते." रागावून नाही. तेही रागावले नाहीत. माझ्यावर कुणी रागावतच नाही, हीच माझी गोष्ट आहे.

तेराव्या वर्षी मी दोरीवर होते. आखाड्याच्या अंगणात मुलांचा लाकडी मल्लखांब आणि त्याच्या पलीकडे, लोखंडी तुळईला टांगलेला, आमचा मुलींचा दोर. मुलं खांबाला एरंडेल चोळायची. त्याचा जड, गोडसर वास दुपारभर अंगणात साचलेला असायचा. अजूनही मीराचं पोट दुखलं आणि आई बेंबीभोवती एरंडेल लावायला लागल्या की माझ्या पायाचा अंगठा आपोआप आवळतो, दोर धरायला. गोपाळ सर शिकवायचे. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "बेटा, दोर तुला नाही धरणार, तू दोराला धर," हे दिवसातून वीसदा. मी त्यांची सगळ्यात चांगली मुलगी होते. हे मी आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. राज्याच्या स्पर्धेला तीन आठवडे होते. त्या दिवशी वर, तुळईच्या जवळ, अंगठ्याची पकड सुटली आणि सगळं अंग एका हातावर आलं, मागे पिळलेल्या हातावर. खट् नव्हतं ते. ते मोठं होतं, ओलं लाकूड मोडावं तसं. सरांनी मला खाली घेतलं, गादीवर आडवं केलं, काखेत स्वतःची टाच लावली आणि हात हळूहळू ओढून खांदा जागेवर बसवला. आखाड्यात असंच बसवतात. पिढ्यान्‌पिढ्या बसवत आलेत, हळद-तेल बांधतात, आणि आठवड्यानं मूल पुन्हा दोरीवर. सर मात्र म्हणाले, घरी सांग, बाबांना घेऊन एक्स-रे काढायला जा. मी त्यांचे पाय धरले. सर, नका सांगू. बाबा बंद करतील. आमच्या घरात आजोबांच्या आजोबांपासून दरबारच्या कचेरीत लिहिणारी माणसं. मुलगी दोरीला लोंबकळते हेच बाबांना जेमतेम पचलं होतं. सरांनी घरी सांगितलं नाही. पण स्पर्धेच्या यादीतून माझं नाव काढलं, आणि का काढलं ते कुणाला बोलले नाहीत, कारण मला शब्द दिला होता.

मग बाबा आखाड्यात आले. मी त्यांच्या मागे उभी होते. सगळ्या मुलींसमोर ते सरांना बोलले. तुम्ही ओळखीच्यांच्या मुली पुढे काढता, आमच्या मुलीचा वर्षाचा घाम वाया घालवला, लाज वाटायला हवी. सर हात पुसत होते, हाताला एरंडेल होतं. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. विचारत नव्हते. मी बोलते का, एवढंच बघत होते. मग म्हणाले, "हो साहेब. माझी चूक झाली." परत येताना बाबांनी मला देवास गेटला उसाचा रस पाजला. मी दोन ग्लास प्याले. गोड लागला तो, हे मला आठवतं, आणि ते आठवणं मला आवडत नाही.

रिक्षेतली बाई उतरली. तिच्या जागी एक म्हातारे गृहस्थ बसले, गुडघ्यांवर दुधाची बरणी. मला वाटत होतं की मी रिक्षेत पुढे जातेय आणि कुणीतरी मला मागून धरून ठेवलंय.

ते पिठाचं मी केव्हा पाहिलं? मीराला गोवरची लस दिली त्याच्या नंतर. लसीच्या कार्डावर तिचं वजन लिहून आलं होतं, आठ किलो. दोन-तीन दिवसांनी आई गिरणीतून दळण घेऊन आल्या, रिक्षेतून, आणि कापडी पिशवी नेहमीपेक्षा मोठी होती. नेहमी आम्ही पाच किलो दळून आणतो, ताजं राहतं म्हणून. मी म्हटलं, आई, एवढं? त्या म्हणाल्या, "असू दे. राहू दे भरलेली." तेव्हा मला कळलं नाही. मग एका सकाळी मी मीराला पाजून मागच्या खोलीत निजवलं आणि पाणी प्यायला उठले. गॅलरीचं दार अर्धं लोटलेलं होतं. उन्हात आई पाय लांब करून बसल्या होत्या. मीरा पडल्यानंतर पहिल्यांदा. शेजारी तेलाची वाटी. आणि पायांवर मीराच्या टॉवेलात गुंडाळलेली ती पिठाची पिशवी. त्यांनी दोन्ही हातांना तेल चोळलं, पिशवी बगलांत धरावी तशी दोन्हीकडून धरली, आणि वर उचलली. डोक्याइतकी वर. धरून ठेवली. ओठ हलत होते, आकडे म्हणत होत्या. वीस झाले असतील. मग खाली घेतली. हातांकडे बघितलं. पुन्हा तेल लावलं. पुन्हा वर.

मी पाणी न पिता परत फिरले. मीराजवळ येऊन पडले, तिच्या भुवईवरच्या तीन टाक्यांच्या रेघेकडे बघत. तेव्हाच उठून जायला हवं होतं. चार पावलं होती. मी मनात वाक्य जुळवलं, खोडलं, पुन्हा जुळवलं. गॅलरीतून पिठाची पिशवी पायांवर टेकल्याचा धप्प असा मऊ आवाज येत होता. त्यानंतर मी ते पुष्कळदा पाहिलं. मंगळवारी आणि शनिवारी त्या करायच्या, शैलेंद्र गेल्यावर. आणि तरीही मीराला उचलत नव्हत्या. मीरा हात वर करून त्यांच्यापाशी रांगत जायची, "आ, आ" करायची. त्या खाली बसून तिच्याशी बोलायच्या, खुळखुळा वाजवायच्या, कुणी मांडीवर आणून ठेवलं तर दोन्ही हातांनी घेरून बसायच्या, पण उचलायचं नाव नाही. गुप्तांची सून दुसऱ्या बाळाला घेऊन आली, चाची, आपके हाथ से ही लगवाना है. तर म्हणाल्या, "बेटा, म्हारे हाथ अब मक्खन हो गए." आणि हसल्या, आणि तीही हसली.

मी दवाखान्यात गेले की मीराला उचलायला खालच्या मजल्यावरच्या मीनाकाकूंना बोलवावं लागतं. आजही बोलवलं होतं. दार मीनाकाकूंनीच उघडलं, मीरा कडेवर, काकूंच्या चष्म्याची दोरी तिच्या मुठीत. "घे बाई तुझी ठाणेदारीण. चष्मा गेला, केस गेले, आता दातांवर डोळा आहे तिचा." आतून आई म्हणाल्या, "दात आहेत कुठे तुझे, मीना." "आहेत ते पुरे आहेत तुझ्या कचोऱ्या खायला, तू करशील तेव्हा," काकू म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. मीराचे डोळे मिटायला आले होते. मी तिला डाव्या हातानं घेतलं, उजवा नुसता पाठीला टेकवून, आणि खाली अंथरुणावर निजवलं. ती चटकन झोपली. मग स्वयंपाकघरात गेले. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या.

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. बशी, रबर, खुंट्या, इंदूर, सहा आठवडे. त्या देठ बाजूला टाकत ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "करून टाक. अंगावर काढू नकोस. मीराचं बघू आपण. मीना आहे. नाहीतर जैनांकडे येते ती बाई, तिला विचारते."

"त्या बाईकडे मीरा जात नाही. आपण बघितलं ना दिवाळीनंतर. आणि मीनाकाकू किती दिवस येतील. आई, तुम्ही आहात."

"मी नाही." पानं भांड्यात पडत होती. "मी बसून सांभाळीन, खिमट भरवीन. उचलायला सांगू नकोस. माझ्या हातांचा भरवसा नाही, देवश्री. पुन्हा काही झालं तर शैलूला तोंड दाखवता येणार नाही मला."

माझी स्वतःची आई आता नाही. बाबा भावाकडे ग्वाल्हेरला, त्यांनाच धरून चालवावं लागतं. सहा आठवडे एक लेकरू घरात हात वर करून रांगत फिरणार, आणि घरात चार हात असून उचलणारा एकही नाही. हे चित्र मी रिक्षेत कितीदा पाहिलं होतं. आणि तरी खरं सांगते, मी बोलले ते त्या चित्रामुळे नाही. आई मेथीचं एक एक पान दोन बोटांनी इतकं हलकं खुडत होत्या. ती बोटं बघून बोलले.

"आई, त्या दिवशी तुमचा हात सुटला नव्हता."

"सुटला गं. मला आठवतंय ना."

"तुम्ही हात काढले तेव्हा ती माझ्याकडे पुरती आली होती. मग माझा खांदा गेला. माझ्या हातातून पडली ती."

आई खुडत राहिल्या. एक जुडी संपली, दुसरीचा दोरा त्यांनी सोडला.

"हे डॉक्टरनं सांगितलं तुला आज?"

"नाही. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हाच."

"तेव्हा म्हणजे, टाके घालत होते तेव्हा?"

"त्याच्या आधी. ती रडायच्या आधी."

स्वयंपाकघरात फ्रीज चालू झाला. आईंच्या हातून आता पानं देठांत पडत होती आणि देठ पानांत, आणि त्यांना ते दिसत नव्हतं. "मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या. "मग त्या हाडं बसवणाऱ्या पहेलवानाकडे. त्यानं बोटं दाबून बघितली. म्हणाला, माजी, हाथ तो जवान औरत के हैं. मला वाटलं, उगाच म्हणतोय. म्हातारीला बरं वाटावं म्हणून." मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि ते पीठ. ते पाहिलं होतंस तू?"

एवढं एक नाही म्हणता आलं असतं. दार लोटलेलं होतं. त्यांना कळलं नसतं.

"हो."

"एकदा?"

"बऱ्याचदा."

त्यांनी मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवावी तशी. आता रागावतील, मला वाटलं. रागवा, मला वाटलं. त्यांनी मेथीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "पाप माझं आहे असं समजून मी देवापुढे बसत होते, रोज. त्याचं काही नाही, देव काय, ऐकून घेतो. पण तू बघत होतीस." आणि पुन्हा, जणू पहिल्यांदा नीट म्हटलं गेलं नव्हतं, "तू बघत होतीस, बेटा."

बेटा म्हणाल्या. मला ते नको होतं.

"शैलूला माहीत आहे?"

"नाही."

"तू सांगायचं. मी एकदा सांगितलंय त्याला. पुन्हा नाही सांगणार."

आत मीरा उठली. झोपेतून उठल्यावरचं तिचं रडणं आधी लहान असतं, कुणी आहे का बघतं, मग मोठं होतं. मी उठायला लागले, सवयीनं उजव्या हातावर भार दिला. "बस तू," आई म्हणाल्या. त्या उठल्या. हात पदराला पुसले. आतल्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या, पुन्हा पुसले. मी बसल्या जागेवरून त्यांची पाठ बघत होते. त्या वाकल्या, आणि तिथंच थोडा वेळ वाकून राहिल्या. मीरा रडायची थांबली. हात वर केले असणार. मग पाठ सरळ झाली. खांद्यावर मीराचं डोकं दिसलं, गालावर उशीची घडी, एका बाजूचे केस उभे. तिनं मला बघितलं. हात पुढे केला नाही. आईंच्या मानेत तोंड घातलं, आणि त्या तिला घेऊन गॅलरीत गेल्या. दार त्यांनी लावलं नाही, पण मी गेले नाही.

संध्याकाळी ऊन गेल्यावर त्यांनी त्या पिशवीचा टॉवेल सोडला, झटकला, मीराच्या कपड्यांत धुवायला टाकला. पिशवीची गाठ सोडली आणि पीठ डब्यात ओतलं. बरंचसं ओतलं गेलं. कडेचं, तेलाचे हात लागून लागून पिवळसर झालेलं, कापडाला चिकटून राहिलं. ते त्यांनी बोटांनी खरवडून काढलं आणि त्याचीच कणीक मळली. फेकलं नाही. आमच्याकडे पीठ फेकत नाहीत.

शैलेंद्र जेवायला बसला तेव्हा मीरा आईंच्या कडेवर होती. एका हातानं त्या पोळ्या भाजत होत्या. त्यानं ते बघितलं आणि हसला, माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, काय, कसं काय जमवलंस. मी ताटात बघितलं. त्यानं पहिला घास तोडला, चावला, दुसरा तोडून नाकाशी नेला.

"पोळीला कसला वास येतोय? मीराच्या तेलासारखा."

आईंनी तव्यावरची पोळी उलटली. माझ्याकडे पाठ होती. मीरा त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, तोंडात पदराचं टोक.

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"शैलेंद्र," मी म्हटलं, "तो वास कशाचा आहे ते सांगते तुला."

आईंनी तव्याखालचा गॅस बारीक केला.